तीन पिढ्यांची क्रूझ : केबिनची निवड, बंदरांचे दिवस आणि वयात आलेली मुले

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्याहून आपण सात जण मे महिन्यात पश्चिम भूमध्य समुद्रातील सात रात्रींच्या क्रूझला जाणार आहात. आजोबा ७६ वर्षांचे आहेत. आजी ७१ वर्षांच्या असून त्यांच्या एका गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली आहे. सोबत आपण पती-पत्नी, सोळा वर्षांचा मुलगा, तेरा वर्षांची मुलगी आणि पंधरा वर्षांचा भाचा. भाच्याचे आईवडील येणार नाहीत. जहाज बार्सिलोनाहून सुटून मार्सेल, जेनोआ, नेपल्स, मेसिना आणि माल्टाची राजधानी व्हॅलेटा ही बंदरे घेते आणि एक पूर्ण दिवस समुद्रात काढून बार्सिलोनाला परतते. केबिन कशा घ्याव्यात, बंदरांवर सर्वांना झेपेल असे काय पाहावे आणि मुले कंटाळू नयेत म्हणून काय करावे, असे आपण विचारले आहे.

गेली अठरा वर्षे मी कुटुंबांच्या परदेश सहली आखत आहे, आणि आजी-आजोबांसह निघालेल्या प्रत्येक कुटुंबाला मी पहिली विनंती हीच करते, की सातही जणांनी दिवसभर एकत्रच फिरले पाहिजे हा आग्रह घरीच ठेवून निघावे. ज्या सहली बिघडल्या त्या बहुधा याच आग्रहापायी बिघडल्या. मे महिन्यात बार्सिलोनाचे घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असते, म्हणजे पुण्यात साडेपाचला उठणाऱ्या आजोबांना पहिल्या दिवशी तेथे पहाटे दोनलाच जाग येईल आणि तीनचार दिवसांनी ती वेळ चार-पाचवर येईल. मुले मात्र नवे मित्र मिळाले की मध्यरात्रीपर्यंत डेकवर रमतात आणि सकाळी दहाशिवाय उठत नाहीत. ही दोन वेळापत्रके जुळवण्याचा खटाटोप करण्यापेक्षा, दिवस दोन गटांत वाटून घ्यावा आणि रात्रीचे जेवण मात्र सातही जणांनी एकाच टेबलावर, न चुकता घ्यावे. दिवसभरात कोणी काय पाहिले हे एकमेकांना सांगण्यासारखे काही तरी त्यामुळेच उरते.

केबिनच्या बाबतीत लोक नेमकी उलटी चूक करतात. बाल्कनीची केबिन मुलांना हौस म्हणून देतात आणि आजी-आजोबांना ‘आम्हांला काय, झोपायलाच तर लागते’ असे त्यांनी म्हटल्यावर आतली, बिनखिडकीची केबिन देतात. खरे पाहता केबिनमध्ये सर्वाधिक वेळ आजी-आजोबाच असतात. दुपारची वामकुक्षी, औषधे, पहाटेचा चहा आणि जहाज बंदरात शिरताना दिसणारा किनारा हे सर्व त्यांना खुर्चीत बसून मिळाले पाहिजे, म्हणून बाल्कनीचे पैसे त्यांच्यावर खर्च करावेत. मुलगा आणि भाचा यांना आतली केबिन चालते, कारण झोपण्यापलीकडे ते तेथे थांबणार नाहीत. मुलीची सोय आपल्या केबिनमध्ये तिसऱ्या बिछान्यावर करावी, आणि आपली व मुलांची केबिन शेजारी नुसती असून भागत नाही, मधले दार उघडणारी जोडकेबिन मिळते का हे विचारावे. अठरा वर्षांखालील मुलांच्या केबिनबाबत प्रत्येक कंपनीचा वेगळा नियम असतो, आणि बहुतेक ठिकाणी त्यांच्यासोबत किंवा अगदी लगत प्रौढ व्यक्ती असणे बंधनकारक असते. म्हणून हा नियम आरक्षणापूर्वीच लेखी विचारून घ्यावा.

आजींची केबिन जहाजाच्या मध्यभागी, लिफ्टजवळ आणि शक्यतो खालच्या डेकवर असावी. याची दोन कारणे आहेत. मध्यभागी हेलकावे सर्वांत कमी जाणवतात, त्यामुळे बोट लागण्याचा त्रास टळतो. दुसरे कारण गुडघ्याचे आहे. आजची मोठी जहाजे तीनशे मीटरहून लांब असतात. केबिन एका टोकाला आणि भोजनगृह दुसऱ्या टोकाला असले तर नाश्ता, जेवण, पुन्हा नाश्ता असे करता आजींचे दिवसाला दीड-दोन किलोमीटर चालणे केवळ गालिच्यावरच होते, आणि बंदरावर उतरण्याआधीच गुडघा कुरकुरू लागतो. घरी चाकाची खुर्ची वापरत नसल्या तरी घडीची हलकी खुर्ची सोबत न्यावी. संकोच पहिल्या दिवशी वाटतो, नंतर वाटत नाही.

कागदपत्रांचे थोडक्यात सांगते. स्पेन, फ्रान्स, इटली आणि माल्टा हे चारही देश शेंगेन क्षेत्रात येतात, त्यामुळे एकच व्हिसा पुरतो. मात्र ज्या देशात सर्वांत जास्त दिवस असतील त्याच्याकडे अर्ज करायचा असतो. आपण बार्सिलोनात जहाजापूर्वी दोन रात्री राहिलात तर चढण्याचा आणि उतरण्याचा दिवस धरून स्पेनचे दिवस इटलीपेक्षा जास्त भरतात. त्या दोन रात्री खरोखरच राहावे, कारण विमान चुकले तर जहाज आपल्यासाठी थांबत नाही. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि मेच्या गर्दीसाठी तो जितका लवकर तितका बरा. प्रवास विमा किमान ३०,००० युरोचा लागतो. आजोबांच्या वयामुळे त्यांचा विमा वेगळा आणि महाग पडेल, आणि त्यात आधीपासूनच्या आजारांची अट काय आहे ते मात्र शब्दशः वाचावे. मुलांचे पासपोर्ट आधी तपासा, कारण ते बहुधा पाच वर्षांचेच असतात आणि मुदत संपत आल्याचे ऐनवेळी लक्षात येते. युरोपातून परतण्याच्या तारखेनंतर किमान तीन महिन्यांची मुदत शिल्लक हवी. भाच्यासाठी त्याच्या दोन्ही पालकांचे नोटरी केलेले संमतिपत्र व्हिसासाठी तर लागेलच, पण त्याची मूळ प्रत जहाजावर चढतानाही हाताशी ठेवावी, आणि आजारपणात उपचाराचा निर्णय घेण्याचा अधिकार आपल्याला दिल्याचे त्यात स्पष्ट लिहून घ्यावे.

आता बंदरे. सकाळी आठ ते संध्याकाळी सहा असा मुक्काम छापलेला असला तरी प्रत्यक्षात हाती आठ-साडेआठ तासच येतात. उतरण्यात पाऊण तास जातो आणि परत चढण्याची अंतिम वेळ जहाज सुटण्याच्या अर्धा ते एक तास आधीची असते. त्यामुळे प्रत्येक बंदरासाठी एकच प्रश्न विचारावा : पाहण्याची जागा धक्क्यापासून किती दूर आहे? जागा दूर असेल तर कंपनीची सहल घ्यावी, कारण तिची बस अडकली तर जहाज थांबते. जागा जवळ असेल तर स्वतः फिरावे. पैसे वाचतात आणि आजींना हवे तेव्हा बसता येते.

या हिशेबाने नेपल्स हे आपल्या मार्गावरील सर्वांत फसवे बंदर आहे. जहाज थेट शहराच्या मध्यात लागते, पण सर्वांना पाहायचे असते पॉम्पेई. इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या राखेखाली गाडले गेलेले ते नगर मुलांना दाखवावेच, कारण पाठ्यपुस्तकातला इतिहास तेथे पायाखाली येतो. रथांच्या चाकांनी दगडात पडलेल्या चाकोऱ्या आणि रस्ता ओलांडण्यासाठी मध्ये ठेवलेले उंच दगड पाहून सोळा वर्षांचा मुलगाही मोबाइल खिशात ठेवतो. पण तेच मोठे, ओबडधोबड दगड आजींच्या गुडघ्याला झेपणारे नाहीत. २०१६ पासून तेथे सुमारे तीन किलोमीटरचा, खुर्ची नेता येईल असा सपाट मार्ग केलेला आहे, पण मेच्या उन्हात सावलीविना तीन किलोमीटर हेही थोडे नाहीत. येथे गट वाटावेत, असे माझे स्पष्ट मत आहे. आपल्यापैकी एकाने तिन्ही मुलांना घेऊन कंपनीच्या बसने पॉम्पेईला जावे. दुसऱ्याने आजी-आजोबांना घेऊन धक्क्यासमोरचा कास्तेल नुओव्हो किल्ला बाहेरून पाहावा आणि तेथून दहा मिनिटांवर असलेल्या गॅलेरिया उंबेर्तो या काचेच्या छताखालच्या दालनात कॉफी घ्यावी. पॉम्पेईत सापडलेली मोझेइक चित्रे नेपल्सच्या पुरातत्त्व संग्रहालयात ठेवलेली आहेत. टॅक्सीने तेथे गेले तर पॉम्पेईचा अस्सल ठेवा आजी-आजोबांनाही पाहता येतो.

कंपनीची बस मी आग्रहाने सांगते, त्यामागे एक अनुभव आहे. काही वर्षांपूर्वी एका कुटुंबासोबत मी पॉम्पेईहून स्थानिक लोकलने परतत होते. स्थानकांच्या मध्येच गाडी थांबली आणि पंचवीस मिनिटे हललीच नाही. आम्ही धक्क्यावर पोहोचलो तेव्हा चढण्याची वेळ संपायला आठ मिनिटे उरली होती, आणि त्या पंचवीस मिनिटांत मला सतत आठवत होते की आजोबांची रक्तदाबाची संध्याकाळची गोळी केबिनमध्ये आहे. तेव्हापासून बंदरावर नेण्याच्या पिशवीचा नियम मी कधीच मोडू दिलेला नाही : दोन दिवसांची औषधे, पासपोर्टच्या छायाप्रती, थोडे युरो, एक कार्ड, आणि त्या बंदरातील जहाजाच्या प्रतिनिधीचा दूरध्वनी क्रमांक. हा क्रमांक बहुधा जहाजाच्या रोजच्या कार्यक्रमपत्रिकेत छापलेला असतो, आणि त्याचे छायाचित्र सातही मोबाइलमध्ये असले पाहिजे.

जेनोआ याच्या अगदी उलट आहे. जहाज लागते ती जागा आणि जुने बंदर यांत चालत वीसेक मिनिटांचे अंतर आहे, आणि तेथेच मोठे मत्स्यालय आहे. तेरा वर्षांच्या मुलीला ते आवडेल. मोठ्या मुलांना कदाचित नाही. आजींसाठी येथे एक सुंदर सोय आहे. हे शहर डोंगरउतारावर वसलेले असल्याने वर जाण्यासाठी सार्वजनिक लिफ्ट आहेत. पोर्तेल्लो चौकातून कास्तेल्लेत्तोच्या लिफ्टने वर गेले की एकही पायरी न चढता सारे जुने शहर आणि बंदर समोर दिसते. तसेच येथे फारिनाता मिळते का पाहावे. हरभऱ्याचे पीठ, पाणी, तेल आणि मीठ एवढ्याचेच ते भट्टीत भाजलेले जाड धिरडे असते. चार दिवस पावावर काढलेल्या आजोबांना परक्या गावात बेसनाची ओळखीची चव लागली की त्यांचा चेहरा पाहण्यासारखा होतो.

मेसिनातही दूर जाण्याची गरज नाही. धक्क्यापासून दहा मिनिटांच्या अंतरावर कॅथेड्रलचा मनोरा आहे. १९०८ च्या भूकंपात शहर उद्ध्वस्त झाल्यानंतर तो पुन्हा बांधला गेला, आणि १९३३ मध्ये त्यावर यांत्रिक घड्याळ बसवण्यात आले. दुपारी बाराला त्यावरचा सोनेरी सिंह डरकाळी फोडतो, कोंबडा आरवतो आणि एकामागून एक आकृत्या सरकू लागतात. चौकात पावणेबारालाच जाऊन बसावे. हे दृश्य तिन्ही पिढ्यांनी एकत्र पाहण्यासारखे आहे. त्यानंतर ग्रानिता, म्हणजे सिसिलीचा बर्फाचा गोळाच म्हणा, तोही सर्वांना चालतो.

व्हॅलेटात जहाज शिरताना मात्र मुलांना उठवावे, रडले तरी उठवावे. मधाच्या रंगाच्या दगडांचे बुरूज दोन्ही बाजूंना इतके जवळ येतात की किल्ल्यांच्या मुलखात वाढलेल्या माणसाला ते डेकवरून पाहताना भरून येते. धक्क्यावरून वरच्या शहरात जाण्यासाठी ५८ मीटर उंचीची लिफ्ट आहे आणि ती थेट अप्पर बराक्का बागेत नेते. खालच्या तोफखान्यातून दुपारी बारा आणि चार वाजता तोफ डागली जाते. माल्टामध्ये इंग्रजी ही राजभाषांपैकी एक आहे आणि वाहने आपल्यासारखी डावीकडून चालतात. म्हणून दोन्ही मोठ्या मुलांना तासाभरासाठी आपापले फिरू द्यायचे असेल तर ते याच बंदरावर द्यावे, अर्थात वरच्या शहरातच आणि ठरलेल्या चौकात ठरलेल्या वेळी भेटण्याच्या बोलीवर.

मार्सेल मी मुद्दाम शेवटी घेतले, जरी ते आपले पहिले बंदर आहे. क्रूझचा धक्का जुन्या बंदरापासून सात-आठ किलोमीटर दूर आहे, तेव्हा बस किंवा टॅक्सी लागतेच. टेकडीवरच्या नोत्र-दाम-द-ला-गार्द चर्चपर्यंत छोटी पर्यटक गाडी जाते. पण मराठी कुटुंबासाठी या बंदराचा अर्थ निराळा आहे. ८ जुलै १९१० रोजी ‘मोरिया’ बोटीतून सावरकरांनी येथेच समुद्रात उडी घेतली, पोहत किनारा गाठला, आणि फ्रेंच पोलिसाने त्यांना पुन्हा ब्रिटिशांच्या हवाली केले. परक्या भूमीवरची ती अटक हेगच्या आंतरराष्ट्रीय लवादापुढे गेली आणि १९११ मध्ये निकाल ब्रिटनच्या बाजूने लागला. आजचा क्रूझचा धक्का म्हणजे नेमकी ती जागा असे समजू नये. तरीही आदल्या रात्रीच्या जेवणात आजोबांना ही हकिकत मुलांना सांगू द्यावी. माझ्यासोबतच्या एका कुटुंबात आजोबांनी ती सांगितली, आणि सकाळी सहाला त्यांची दोन्ही नातवंडे कठड्याला रेलून खाली पाहत उभी होती. पाणी काळेशार होते, आणि जहाज व धक्का यांच्यातल्या पट्ट्यात तेलाचे तवंग तरंगत होते. थोरल्याने विचारले, ‘आबा, हे पाणी किती गार असेल हो?’ आबांनी उत्तर दिले नाही, नुसता त्याच्या पाठीवर हात ठेवला. त्या वयाच्या मुलांना स्थळे दाखवून भागत नाही, ती कोणीतरी सांगावी लागतात, आणि ते काम आईवडिलांपेक्षा आजोबांकडून अधिक चांगले होते.

मुलांसाठी आणखी दोन गोष्टी कराव्यात. प्रत्येकाला एक बंदर सोपवावे : धक्क्यावरून कसे जायचे, तिकीट कोठे काढायचे, परत कधी निघायचे, हे सर्व त्यानेच घरी असताना शोधून ठेवावे आणि त्या दिवशी आपण त्याच्या मागून चालावे. भाच्यालाही स्वतःचे बंदर द्यावे, म्हणजे तो पाहुण्यासारखा कडेला राहणार नाही. दुसरी गोष्ट जहाजावरच्या किशोरवयीन मुलांच्या क्लबची. तेथे बहुधा बारा ते चौदा आणि पंधरा ते सतरा असे दोन गट असतात, त्यामुळे आपली मुलगी भावांपासून वेगळी पडेल. पहिल्या संध्याकाळीच ओळखी होतात. तिसऱ्या दिवशी गेलेल्या मुलाला गट आधीच जमलेला दिसतो आणि तो परत फिरतो. म्हणून लाजत असली तरी तिला पहिल्या रात्री तेथे अर्धा तास बसण्याची गळ घालावी.

जहाजावर शिस्तीचे नियम थोडे पण पक्के असावेत. रात्री केबिनमध्ये परतण्याची वेळ, दुसऱ्या कोणाच्या केबिनमध्ये न जाणे, बाल्कनीच्या कठड्यावर न बसणे, आणि मद्याला अजिबात हात न लावणे, एवढे पुरे. मोबाइलविषयी मात्र घरीच बजावावे. समुद्रात गेल्यावर जहाजाचे उपग्रहावर चालणारे नेटवर्क मोबाइल आपोआप पकडतो आणि त्याचे दर भयंकर असतात. आपल्याकडचे युरोपचे पॅक सहसा तेथे चालत नाहीत. सुटण्यापूर्वी सातही मोबाइल फ्लाइट मोडवर टाकावेत आणि निरोपासाठी केबिनच्या दारावर चिठ्ठी चिकटवावी. मुलांची जहाजावरची कार्डे आपल्या खात्याला जोडलेली असतात, तेव्हा त्यांच्या खर्चाची मर्यादा पहिल्याच दिवशी स्वागतकक्षात ठरवून घ्यावी. खेळांच्या दालनातील बिले शेवटच्या रात्री पाहणे फार मनस्तापाचे असते. मूळ भाड्याखेरीज दर माणशी दर रात्रीचे सेवाशुल्क, शीतपेये आणि इंटरनेट यांचाही हिशेब आधीच धरावा.

जेवणाचे फारसे अवघड नाही. शाकाहारी किंवा जैन जेवण हवे असल्यास आरक्षणाच्या वेळीच लेखी कळवावे आणि पहिल्या रात्री भोजनगृहाच्या प्रमुखाला प्रत्यक्ष भेटावे. दुसऱ्या दिवशीचे जेवण आदल्या रात्री सांगितले तर बहुधा साधी डाळ-भातही मिळते. जेवणाच्या दोन पाळ्या असतात, त्यांतील लवकरची घ्यावी. किटली, इस्त्री, भाताचा कुकर जहाजावर चालत नाहीत, चढतानाच काढून घेतात. चिवडा, मेतकूट आणि लोणच्याची बंद पाकिटे न्यावीत. बोट लागण्याच्या गोळ्यांनी गुंगी येते आणि वृद्ध माणूस न्हाणीघरात घसरतो, म्हणून आजी-आजोबांसाठी कोणती गोळी चालेल ते त्यांच्या डॉक्टरांनाच विचारावे. व्हॅलेटानंतरचा समुद्रातला दिवस पूर्ण मोकळा ठेवावा, त्या दिवशी काहीही ठरवू नये.

शेवटच्या रात्री सामान केबिनबाहेर ठेवावे लागते आणि ते सकाळी थेट धक्क्यावर मिळते. पासपोर्ट, औषधे, चष्मे आणि दुसऱ्या दिवशीचा एकेक कपडा हातातल्या पिशवीत काढून घेतला आहे का, हे सामान बाहेर ठेवण्यापूर्वी मुलांच्या केबिनमध्ये जाऊन आपण स्वतः पाहावे. दर वर्षी एखादा मुलगा पँट बॅगेत भरून बसलेला असतो आणि सकाळी रात्रीच्या कपड्यांतच बार्सिलोनात उतरतो.